सुटकेतलं हेलिकॉप्टर

१५ ऑगस्ट २००३, डिंगोरे

आज माझ्या हातून मोठी चूक झाली. कुणापाशी बोलण्यासारखी नाही, म्हणून इथे लिहितो. ही डायरी टेलिफोन खात्यानं जानेवारीत दिली होती. जुलैत रिटायर झालो तोवर कोरीच राहिली.

शाळेत झेंडावंदनाला माझा सत्कार ठेवला होता. शाल, श्रीफळ, फेटा, सगळं यथासांग. मग सरपंच बोलायला उभे राहिले. म्हणाले, एकाहत्तर साली आपले चिमाजीभाऊ पाकिस्तानात हेर म्हणून गेले आणि सात दुश्मनांना लोळवून परत आले. पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला. सात! मी तिकडे अकरा आठवडे शिलाई मशिनी दुरुस्त करत हिंडलो. माझ्या हातून एक कोंबडीसुद्धा मेली नाही.

मला खोटं सहन होत नाही. लोकांना याचं हसू येतं, कारण हेर म्हणजे पट्टीचा खोटारडा. पण माझ्या वाटणीचं सगळं खोटं मी त्या अकरा आठवड्यांत बोलून संपवलं असं मला वाटतं. त्यानंतर मी लग्न जमवतानासुद्धा कुणाच्या मुलीची उंची वाढवून सांगितली नाही.

तर मी उठलो, माईक ओढून घेतला आणि म्हणालो, "सात न्हाई. एकबी न्हाई. मला एका सुईणीनं भर दुपारी दोन चौक्यांवरून चालवत बाहेर काढलं. एक गोळी सुटली न्हाई." एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण टाळ्या पडल्या आणि मी तिच्या गावाचं नावसुद्धा घेतलं.

त्या भागात चौदा वस्त्यांना मिळून एकच सुईण होती. ती अजून जिवंत आहे. ऐंशी ओलांडली आहे. तिची मुलं, नातवंडं तिथेच सरहद्दीला लागून राहतात. हिंदुस्थानच्या हेराला तिनं सोडवलं हे तिकडे कळलं, तर त्या घराचं काय होईल हे मला कुणी सांगायला नको. तिचं नाव मी या वहीतही लिहिणार नाही.

घरी आल्यावर बायको, ठकू, एवढंच म्हणाली, "फेटा काढा आता. घाम आलाय तुमाला."

१७ ऑगस्ट

जुन्नरला जलालकडे जाऊन आलो. जलाल टेलर माझा शाळेपासूनचा दोस्त. मशीन खोलायला मी शिकलो ते त्याच्या वडिलांच्या दुकानात, आणि उर्दूही तिथेच. फौजेत सिग्नलमध्ये असताना या दोन गोष्टी साहेबांच्या कानावर गेल्या म्हणून तर मला तिकडे पाठवलं.

त्या बाईची खुशाली कळते तीही जलालमुळेच. तिचा नातू शारजात शिवणकाम करतो. जलालचा मेहुणा तिथेच होता, त्याची नि या नातवाची गाठ पडली. तेव्हापासून दर वर्षी रमजान ईदनंतर पंधरा दिवसांत जलालच्या पत्त्यावर एक पत्र येतं. त्यात फक्त "दादी खैरियत से है" एवढंच. मला तेवढं पुरतं.

सगळं सांगितलं तेव्हा जलालनं कात्री खाली ठेवली. "बत्तीस वर्सं तोंड शिवून बसला, आन नारळ दिसल्याबरोबर उसवलंस व्हय रं चिमा?"

मी चहा न घेताच निघालो.

३० ऑगस्ट

सावळेराम नावाचा एकजण साप्ताहिक काढतो. त्यानं माझं भाषण दोन कॉलम छापलं. "सुईणीने सोडवला हेर." गावाचं नाव काना-मात्रेसकट बरोबर. त्याच्या पेपरात एरवी ग्रामसभेची तारीखसुद्धा बरोबर येत नाही.

ठकू म्हणाली, "त्येचा पेपर वाचतंय कोण? भज्याच्या पुड्याला जातोय."

हे मात्र खरं आहे. जरा जिवात जीव आला.

१२ ऑक्टोबर

मुंबईहून एक तरुण आला. ऋषी नाव, हिंदी सिनेमाच्या गोष्टी लिहितो. नाशिकला जाताना नारायणगावच्या स्टँडवर भजी खाल्ली, म्हणाला, आणि तेलकट कागदावर माझी बातमी वाचली. तो कागद त्यानं प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवला आहे. मला बघवेना.

तो म्हणाला, "काका, मला एक शब्दही बदलायचा नाहीये. भर दुपार, दोन चौक्या, एक साधी सुईण. जसं घडलं तसंच दाखवणार. गावाच्या नावासकट."

आजवर सिनेमावाल्यांबद्दल ऐकत आलो की ते सत्याची वाट लावतात. माझ्या दारात मात्र नेमका प्रामाणिक माणूस आला. खोटारडा आला असता तर मी त्याला उचलून घेतलं असतं.

मी म्हणालो, मला काही आठवत नाही. खोटं बोललं की तापतात तसे माझे कान तापून लाल झाले. ते त्याला दिसले असणार. "घाई नाही काका," म्हणून तो ओसरीवर बॅग टाकून बसला.

१३ ऑक्टोबर

तो अजून आहे. सून वृषालीनं त्याला अंघोळीला पाणी दिलं, ठकूनं पोहे दिले. माझ्याच घरातली माणसं फितूर झाली आहेत.

खरं कारण सांगून त्याला हात जोडावे, असं मनात आलं. पण तो मुंबईला जाऊन दहाजणांना तेच कारण सांगेल. धोका तेवढाच. आणि खोटं सांगायला गेलो तर माझे कान. मी उद्या कळंबला समृद्धीकडे जातो. मुलीकडे जायला कारण लागत नाही. मी नसलो तर तो कंटाळून जाईल.

निघतो म्हटल्यावर ठकू म्हणाली, "जावा की. चांगले तीन दिस ऱ्हावा." इतक्या आनंदानं तिनं मला कधी कुठे पाठवलं नव्हतं.

१५ ऑक्टोबर, कळंब

जावई कांद्याच्या रोपात गुंतला आहे, समृद्धी शाळेत. घरात मी एकटा. मनात सारखं तेच घोळतं आहे, तर एकदा लिहूनच टाकतो. जसं घडलं तसं.

नोव्हेंबर होता. ज्याच्याकडे मी निरोप द्यायचो तो धान्याचा दुकानदार पकडला गेला. मला कळलं तेव्हा मी मलेरियानं फणफणलो होतो, एका पडक्या गोठ्यात. त्या सुईणीचं शिलाई मशीन मी महिन्याभरापूर्वी दुरुस्त केलं होतं. पैसे घेतले नव्हते, कारण तिनं दूध दिलं होतं. ती शोधत आली. तीन दिवस काढा पाजला. मी तापात बडबडलो. कुठल्या भाषेत, ते तिला कळलं असणार. चौथ्या दिवशी म्हणाली, "तू कुठला ते मी विचारलं नाही. तूही सांगू नकोस. ऊठ."

मी म्हणालो, अंधार पडू द्या. ती म्हणाली, अंधारात जो चालतो त्याला चोर समजतात. दुपारी बाराला निघालो. तिची पिशवी माझ्या खांद्यावर, ती पुढे. सुईण चालली आहे आणि मागं बाळंतिणीचा नवरा, एवढंच कुणी पाहील, असं म्हणाली. पुरुषमाणूस अशा वेळी घाबरलेला, पडेल चेहऱ्याचा असतोच. त्यामुळे मला काही सोंग आणावं लागलं नाही.

पहिल्या चौकीवर ती थांबलीच नाही. दुसऱ्या चौकीवर शिपायानं बंदूक आडवी केली. मग तिचा चेहरा पाहिला आणि उठून उभा राहिला. त्याचा जन्म तिच्या हातचा होता. तिनं त्याला आधी आईची तब्येत विचारली, मग झापलं की बाई अडली आहे आणि तू वाट अडवतोस. त्यानं आम्हाला माठातलं पाणी दिलं. मी ते प्यायलो. अजून ते पाणी आठवतं.

बारा मैल वाळू. त्या सबंध सुटकेत एकदाच कुणी ओरडलं, ते मी. पायात काटा मोडला होता. तिनं खाली बसून तो काढला. सरहद्दीच्या खांबाजवळ पिशवी माझ्याकडून घेतली आणि मागं वळून चालू लागली. मी काही बोललोही नाही. आभार मानायचं सुचलं तोवर ती लांब गेली होती.

लिहून झाल्यावर वाचलं. यात दाखवण्यासारखं काय आहे? दोन माणसं चालत गेली. पण ऋषीला हेच हवं आहे, आणि हेच त्यानं दाखवलं तर तो चौकीवरचा शिपाई, जिवंत असला तर, पहिल्या पाच मिनिटांत ओळखेल.

१७ ऑक्टोबर, डिंगोरे

परत आलो तर ऋषी गेलेला. मी गेल्यावर आणखी दोन दिवस राहिला, निघताना खुशीत होता म्हणे. ठकूनं त्याला मासवडीचा रस्सा करून घातला. मासवडी ती पाहुण्याला सहसा करत नाही, सांडगी मिरचीवर भागवते.

"काय इचारलं त्यानं?"

"मला काय इचारणार? मला काय म्हाईत हाय? जेवला, गेला."

जलालही येऊन गेला म्हणे. का, तर ऋषीच्या पँटचं माप घ्यायला. जलालनं दुकान बंद ठेवून पंधरा मैलांवर माप घ्यायला जाणं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. वृषाली तोंडाला पदर लावून आत गेली. हल्ली तिला कशाचंही हसू येतं.

ठकूला काय कळतंय म्हणा. ती तमाशाचे वग बघत मोठी झालेली. गोष्टीत राजा, दगाबाज प्रधान आणि शेवटाला जीव देणारी नाची असली की तिचं समाधान. तिला त्यानं विचारलं असेल तरी तिच्याकडून त्याला काही मिळालं नसणार. तेवढंच बरं.

८ फेब्रुवारी २००४

ईदचं पत्र डिसेंबरातच आलं होतं. दादी खैरियत से है. त्यामुळे मन शांत होतं. आज पुन्हा ढवळलं.

सिनेमा खरंच निघाला आहे आणि थोडं शूटिंग इथेच, येडगावच्या धरणावर. ऋषीनं आम्हाला बोलावणं धाडलं. ठकूनं ठेवणीतलं लुगडं काढलं.

तिथे पाहतो तर धरणाच्या पाण्यावर होडी. मी ऋषीला विचारलं, हे काय? तो म्हणाला, नायक सरहद्दीची नदी पार करतो. मी म्हणालो, "नदी? अरे, तिथं गुळणी भरायला पाणी न्हवतं!" ऋषी नुसता हसला. होडीत एक दणकट नट, अंगात काळा बनियन, त्याच्या मिठीत एक पोरगी, घागरा आणि पैंजण. ही कोण? तर कोठीवरची नर्तकी. तीच त्याला सोडवते, आणि होडीतच गोळी लागून मरते. पुढे एका क्रेनला प्लायवूडचं अर्धं हेलिकॉप्टर टांगलेलं होतं. त्यातून दोर सोडून नायकाला वर घेतात. पंख्यासारखं यंत्र लावून पाणी उडवत होते. येडगावच्या बाया काठावर धुणं टाकून बघत बसल्या होत्या.

मला भयंकर राग आला. मला त्यांनी पैलवान केलं, हरकत नाही. पण तिची नाचणारी केली. जिनं चौदा वस्त्यांतली पोरं आपल्या हातांवर झेलली, तिला पैंजण बांधले. मी ऋषीला म्हणालो, तू म्हणाला होतास, एक शब्द बदलणार नाही. तो म्हणाला, "काका, नंतर पटलं मला." कुणी पटवलं ते सांगेना. निघताना तो ठकूच्या पाया पडला. मासवडीची आठवण असावी.

मी वाटेत धुसफुसत होतो. ठकू जीपच्या खिडकीतून बघत म्हणाली, "नाची मरती ते बरं केलं. मेलेल्या मानसाला हुडकायला कोण जातंय?"

बायकांना मरणाचे सीन आवडतात.

२९ नोव्हेंबर

काल मंचरला टॉकीजात सिनेमा पाहिला. सुरुवातीलाच पाटी, सत्य घटनेवर आधारित. लोकांनी शिट्ट्या मारल्या.

मी खिशात छोटी वही ठेवली होती, चुका लिहायला. नायक पंजाबी. एक. शिलाई मशीन नाहीच, तो कव्वालीच्या पथकात शिरतो. दोन. गाव वाळवंटात नाही, बर्फात. तीन. सगळं रात्रीचं. चार. तो धावतो, आणि काय धावतो! छतांवरून, आगगाडीवरून, जळत्या पुलावरून. मला तेव्हा शंभर पावलांवर बसावं लागत होतं. मध्यंतरापर्यंत एकवीस चुका झाल्या.

बाविसावी लिहायला पेन टेकवलं आणि हात थांबला. मी एकेक चूक पुन्हा वाचली. बर्फ, नदी, नर्तकी, कव्वाली, पूल. यातल्या एकाही गोष्टीवरून कुणी तिच्या दारापर्यंत पोचणार नव्हतं. तो चौकीवरचा शिपाई पहिल्या रांगेत बसून पाहील तरी त्याला स्वतःची चौकी ओळखू येणार नाही. सुईण हा शब्दच सबंध सिनेमात नाही.

मला रडू कोसळलं. पंधरा महिने छातीवर धोंडा होता तो उतरला. शेजारचा माणूस म्हणाला, "भाऊ, नाची मेली म्हणून रडताय का? चांगलं काम केलंय पोरीनं." मी मान हलवली. ठकूनं मला पदर दिला, डोळे पुसायला, आणि स्वतः शेंगा खात पुढचं बघत बसली.

देवानं त्या पोराला ऐनवेळी खोटं लिहायची बुद्धी दिली. दुसरं काय म्हणणार?

फक्त एक आहे. ईद पंधरा तारखेला झाली. पत्र अजून नाही.

५ डिसेंबर

सावळेराम आला. साप्ताहिकवाला. सोबत गेल्या वर्षीची बातमी कापून आणलेली. म्हणाला, "भाऊ, सिनेमात काय खोटं अन् खरं काय, असा फर्स्टक्लास लेख टाकतो. पुण्याच्या मोठ्या पेपरनं पण मागितलाय. तुमी सुईण म्हणाला व्हता ना? त्या गावात कुणाला तरी फोन लावून इचारतो. हल्ली लागत्यात फोन."

सिनेमानं सगळं पुसलं होतं, आणि हा ते पुन्हा गिरवायला निघाला होता. वर फोन. तिच्या गावात.

मी त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणालो, "सुईण-बिईण काय नव्हती."

"आन मग भाषणात?"

"तवा ताप व्हता मला. काय बोललो ते कळालं न्हाई. हेलिकॉप्टरच व्हतं."

"खरंच?"

"व्हय. दोर सोडला वरून. धरला मी."

"रंग कंचा व्हता?"

कान पेटले होते. "हिरवा," म्हणालो.

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. त्याला शंका होती. आता आणखी एक प्रश्न आला असता तर मी आडवा झालो असतो. तेवढ्यात ठकू आतून चहा घेऊन आली. "अवो, त्या आवाजानं ह्येंचे कान गेलेत जनू. अजून झोपेत कानावर हात ठिवून ओरडत्यात, पंखा बंद करा, पंखा बंद करा. मला लगीन झाल्यापास्नं ह्योच तरास. आन ती नाची! तिचं नाव काढलं की दोन दिस जेवत न्हाईत. तुमी ते लिवू नगा भाऊ, घरात वाद व्हतील."

सावळेरामचा चेहरा पडला. सगळं सिनेमासारखंच निघालं तर लेख कसला करणार? चहा पिऊन गेला. जाताना ते कात्रण ओसरीवरच ठेवून गेला. ठकूनं ते चुलीत घातलं.

ऋषीला आठवत नाही म्हणालो ते सोडलं, तर बत्तीस, आता तेहतीस वर्षांनी मी खोटं बोललो, आणि तोंडावर. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. उलट तिच्यासाठी पहिल्यांदा काहीतरी केलं असं वाटलं. ठकूला ऐनवेळी एवढं कसं सुचलं याचं मात्र नवल आहे. मी तर झोपेत घोरतो फक्त, असं तीच सांगते.

२१ डिसेंबर

पत्र नाही. जलालनं शारजाच्या दुकानात दोनदा फोन लावला. नातू कामावर नाही, एवढंच सांगून ठेवून देतात. मेहुणा तर कायमचा परत आलाय, विचारायला तिकडे कुणी उरलं नाही.

मी जेवताना घास घेतो आणि तो तसाच हातात राहतो. सिनेमानं वाचवलं म्हणून मी रडलो, पण सिनेमा आधी आला की सावळेरामचा तो पहिला अंक? पंधरा महिने तो अंक कुठे कुठे गेला कुणाला ठाऊक! भज्याचा कागद मुंबईच्या माणसाच्या हाती लागतो तर आणखी कुणाच्या का नाही? सरपंचांचे सात दुश्मन सातच राहू दिले असते तर काय बिघडलं असतं? टाळ्या ऐकून मी वाहवलो, हे खरं आहे. खरं बोलायचं म्हणून बोललो असं मी स्वतःला सांगतो, पण टाळ्याही हव्या होत्या. हे आज पहिल्यांदा कबूल करतो.

आज ठकूनं जुन्नरला जाऊन दर्ग्यात चादर चढवली आणि येताना गणपतीला नारळ फोडला. कशासाठी, विचारलं तर म्हणाली, सुनेची कंबर दुखते. वृषाली तेव्हा विहिरीवरून दोन हंडे घेऊन येत होती.

९ जानेवारी २००५

सकाळी जलालचा फोन. "चिमा, असशील तसा ये. दुपारी पुन्ना लावतो म्हनालाय त्यो." पुढचं ऐकायला मी थांबलो नाही. ठकू पायात चप्पल घालून माझ्या आधी रस्त्यावर उभी.

दुकानात जलालची बायको जैबुन्निसा होती, तिनं आम्हाला बसवलं. तासभर जलाल एकच काज तीनदा उसवून शिवत होता. अडीचला फोन वाजला. जलालनं बोलून माझ्या हातात दिला.

तिचा नातू. मी त्याचा आवाज पहिल्यांदा ऐकला. म्हणाला, चाचा, माफ करा, पत्र राहिलं, मी दोन महिने सुट्टीवर घरी होतो, कालच शारजाला परतलो.

मी विचारलं, "दादी?"

"खैरियत से है."

जैबुन्निसानं स्टूल सरकवलं. मी विचारलं, कुणी काही विचारायला आलं होतं का? तिला, घरच्यांना? तो म्हणाला, कुणी नाही. कशाला येईल? मग हसायला लागला. जलालचाचांनी नाव सांगितलं होतं तो तुमचा सिनेमा आमच्याकडे आला, म्हणाला. चोरून आणलेली सीडी. एकाच्या घरी टीव्ही आहे, तिथे सगळी वस्ती जमली. हिंदुस्थानी हेराचा म्हणून आधी शिव्या घातल्या, मग ती पोरगी मेली तेव्हा बायका हुंदके देऊन रडल्या. दादीला पुढे बसवलं होतं. पोरांनी तिला समजावून सांगितलं, हा हेर, ही त्याला पळवते.

मी विचारलं, "मग? ती काय म्हणाली?"

तो म्हणाला, सगळे डोळे पुसत होते तेव्हा तिनं मला जवळ ओढलं आणि कानात विचारलं, "या मेल्याला एवढं पळता येत होतं, तर मला भर उन्हात बारा मैल कशाला चालायला लावलं?"

मी हसलो. जोरात हसलो. हसता हसता रडलो, आणि फोन कानाला तसाच. तेहतीस वर्षं जे म्हणायचं राहिलं होतं ते म्हणालो. तिला सांग, मला चालता येत नव्हतं म्हणून. तिला सांग, तिनं चालवलं म्हणून मी चाललो. तिला सांग, माझी दोन मुलं आहेत, चार नातवंडं आहेत. तो म्हणाला, सांगतो चाचा, कानातच सांगतो.

फोन ठेवून मी तिघांना सगळं सांगितलं. जलाल आणि जैबुन्निसा हसून हसून लोळले. ठकूनं मात्र पदर तोंडाला लावला आणि काळजीनं विचारलं, "हेलिकाप्टर जास्त झालं का वो?"

मी म्हणालो, "जास्त म्हंजी काय? ते त्या मुंबईवाल्यांनी घातलं. आपुन थोडंच घातलं?"

जलाल एकदम कापड मोजायला लागला. ठकू माझा हात धरून दुकानाची पायरी उतरली, आणि स्टँडवर पोचेपर्यंत तिनं तो सोडला नाही.